एक नाही, दोन

क्लच सोडला की खट्.
गतिरोधकावरून मागचं चाक उतरलं की खट्.
मी समजत होतो एकच आहे,
तीन महिने एकालाच शिव्या घातल्या.

गड्डीगोदामात हेडाऊंचं गॅरेज.
मे महिन्याची दुपार,
जॅकचा दांडा हातात धरवत नव्हता.
त्यांनी इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये टाकली,
पोतं अंथरून पाठीवर सरकले खाली
आणि शाफ्ट मुठीत धरून
थोडा इकडे, थोडा तिकडे पिळला.
"ऐका."
बारीक, कोरडा. खट्.
"हा क्रॉसचा. सुयांचं पीठ झालं आतमध्ये."
बोटावर तांबूस भुकटी दाखवली.

मग चेतरामला मागच्या बंपरवर चढवलं,
"नाच बे."
तो लाजत लाजत नाचला.
खट्. हा जाडा, ओल्या लाकडावर घण पडावा तसा.
"अन् हा पाट्याचा. शॅकलचं रबर गेलं.
दोघं आहेत जी. एकमेकाच्या आड लपते."

खिशात एकाचेच पैसे होते.
"मग क्रॉस घ्या. तो तुटला तर गाडी रस्त्यात झोपवंल.
दुसरा नुसता बोलते. बोलू द्या."

संध्याकाळी कामठी रोडनं घरी.
इंदोऱ्याच्या सिग्नलला क्लच सोडला, काही नाही.
पुढे उगाच बाजूला थांबलो,
पुन्हा सोडला. काही नाही.

मग गतिरोधक आला.
खट्.
आधीपेक्षा मोठा वाटला,
की त्याला आता आड जायला कोणी नाही म्हणून?

"झाली का दुरुस्त?" बायकोनं फाटकातूनच विचारलं.
"अर्धी," म्हटलं,
आणि उंबऱ्याच्या उतारावर
गाडी जरा जपूनच आत घेतली.