उलट्या बाजूची वही

संकेश्वर स्टँडसमोरच्या आमच्या खानावळीत
उधारीची वही उलटी धरली
की दुसरी सुरू व्हायची.
त्यात अप्पा लिहायचे
जेवून, न देता, गेलेले.
नाव नसायचं. खरं नाव कोण सांगतो?
खुणा असायच्या:

पांढरी टोपी. दोन थाळ्या. हात धुवायला गेला तो मागच्या दारानं.
जोडपं. बाई गरोदर. पोट उशीचं, गोकाकवाल्यांकडून कळलं.
लग्नाचा कोट. मराठी वऱ्हाडात कानडी पाहुणा,
कानडी वऱ्हाडात मराठी.
दोन्हीकडं मान, दोन्हीकडं जिलेबी.

पुढं रक्कम. पैसे अप्पा कानडीत मोजत,
शिव्या मराठीत देत,
आणि लोणच्याची जास्तीची फोड
कुठल्याच भाषेत वाढत नसत.

ते गेले त्याच साली हा आला.
चप्पल बाहेर काढली. खानावळीत कोण काढतो?
फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो.
"गेले काय हो," म्हणत खांबाला टेकून बसलाच.

"आई हिडकल धरणावर माती वाहायची.
मी नऊ वर्षांचा, हितं दारात उभा.
अप्पा म्हटले, बर्री, आत या.
तूप वाढलं. भाकरीच्या वर नाही, खाली,
बाकीच्यांना दिसू नये म्हणून."

तूप.
आमच्या स्वयंपाकघरात तूप नव्हतंच कधी.
तिथंच मला कळलं,
आणि कळल्यावर मी ताट केलं.
एण्णेगाई, शेंगाचटणी, जोंधळ्याची भाकरी, आणखी एक, आणखी एक.
"साकु" म्हणेपर्यंत वाढायचं असतं;
तो म्हणाला नाही.
'अप्पा' म्हणताना त्याचा आवाज जिथं फुटायला हवा
बरोबर तिथं फुटत होता.
जाताना हात खिशाकडं नेला, सावकाश,
मी धरीन एवढा वेळ देऊन.
मी धरला.

पुढं चिकोडीच्या कमतगींनी सांगितलं,
त्यांच्याकडं फोटो आईचा होता
आणि तुपाच्या जागी गूळ.
"तूबी जेवू घातलास?"
मग आम्ही दोघं पावसापाण्याचं बोललो.

रात्री वही उलटी धरली.
चप्पल बाहेर. एक थाळी, तीन भाकऱ्या जादा.
रकमेपाशी पेन अडलं, ते अडलंच.

पोरं आजोबांचं विचारतात, मी तुपाचं सांगतो.
गिऱ्हाइकांनाही सांगतो.
परवा जुना कंडक्टर बाळीगेरी, हात पुसत, म्हणाला,
"होय की, मलाबी वाढलेलं. भाकरीच्या खाली."

मी त्याच्याकडं नीट बघितलं.
पैसे मात्र घेतले.