सुपाएवढं आभाळ

उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या नकाशात
बालेह नदीच्या वरच्या अंगाला एकही दिवा नव्हता.
शाई सांडून कुणी टिपलीच नाही, असा तेवढा डाग.
मी त्यावर बोट ठेवलं
आणि रजेचा अर्ज टाकला.

कापितपासून सहा तास लाँगबोट.
दुर्बीण तांदळाच्या पोत्यात गुंडाळून मांडीवर.
नावाडी उंगाट म्हणाला,
भांडं चांगलं दिसतंय, यात शिजवता काय?

काळोख मिळाला.
मागितला त्याहून जास्तच मिळाला,
डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा.
पण त्यात आभाळ नव्हतं.
पानांवर पानं, त्यांच्यावर आणखी पानं,
आणि त्या सगळ्यांवर ढग, ओल्या घोंगडीसारखे.
जगातली सगळ्यांत काळी रात्र शोधत आले
तर तिच्यावर झाकण!
हे घरी बसून सुचायला काय झालं होतं?

एक भोक आहे, उंगाट म्हणाला,
गेल्या साली तापांगचं झाड पडलं, तिथे.
बॅटरी मीच बंद करायला लावली होती,
म्हणून त्याने कुजक्या ओंडक्याची साल काढली,
फिकट हिरवी उजळणारी,
आणि टोपीच्या मागे खोचली.
तासभर मी त्या बुरशीच्या मागे चालले,
मोज्यांत जळवा,
हातात काटेरी वेताने ओढलेल्या रेघा.
बुरशी थांबली की थांबायचं,
वाकली की वाकायचं.

अमावास्या. जून संपत आलेला.
आडव्या खोडावर आम्ही उताणे पडलो.
वर सुपाएवढं आभाळ.
दहाला ढग. अकराला ढग.
बाराला पाऊस आला, तोही आमच्यावर नाही,
लांबून, पानांवरून चालत कुठेतरी गेला.
उंगाट घोरू लागला.
दोननंतर कुणीतरी सूप पाखडलं
आणि काठावरून श्रवण वर आला,
खांद्यावर कावड,
दोन्ही बाजूंना म्हातारी, न दिसणारी माणसं,
एवढ्याशा वाटेने सांभाळून पलीकडे नेत.
मग एका फांदीने तिघांनाही आत घेतलं.
दुर्बीण पोत्यातच राहिली.

परतलो तेव्हा लाँगहाऊस झोपलेलं.
घाटाच्या ओंडक्यावर इंदाई सेंदी पातेलं घासत होती.
नदी जिथे वळते तिथे, पाण्याच्या थोडं वर,
कृत्तिकांचा बारका झुबका.
माझी सासू त्यांना बघून भात टोचायची, ती म्हणाली,
मी फोनमध्ये तारीख बघते.
मग विचारलं, एवढ्या लांब कशासाठी आलात?
मी म्हटलं, अंधारासाठी.

उंगाटने हे तिच्या भाषेत सांगायला
जरा जास्तच वेळ घेतला.
तिने पातेलं खाली ठेवलं.
पंधरा वर्षं अर्ज करतोय आम्ही विजेच्या तारेसाठी.
जनरेटर नऊला बंद, डिझेल महाग.
नातू मेणबत्तीत गणितं सोडवतो,
एकदा भुवई जाळून घेतली.
अंधार पाहिजे?
घेऊन जा ना. पोतं आणलंयच तुम्ही.

ती हसत होती, बहुतेक.
एवढ्या अंधारात नक्की सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुमारास उंगाटने फोटो पाठवला.
घाटावर लोखंडी खांब, त्यावर सौरदिवा,
खाली चटया टाकून सगळे बसलेले,
नातवाच्या मांडीवर वही,
दिव्याभोवती पाकोळ्यांचा धूर.
आभाळ नुसतं काळं.
छान, मी लिहिलं. सगळ्यांना सांग.
आणि मग तो फोटो
दोन बोटांनी मोठा करत राहिले,
खांबाच्या वर, उजव्या कोपऱ्यात,
उगाच.