मागची बाजू

औरंगपुऱ्यातल्या हॉलमध्ये शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन.
मी पहिल्या वर्षाची: पाणी भरायला, खुर्च्या मांडायला,
‘हात लावू नये’च्या पाट्या सरळ करायला.
बोटं अजून पत्र्याला सरावली नाहीत;
या महिन्यात करवतीची अकरा पाती मोडली.
डहाळे सर कीस झाडून तोलतात,
गुंजभर चांदी कमी भरली
की नुसते चष्म्यावरून बघतात.

काळ्या मखमलीवर नुसरतची ठुशी.
सोनं नाही. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार,
वार्निश खरवडून, जंत्रीतून बारीक ओढलेली,
मण्यामण्याला वेटोळी.
एक बाई विचारतात, "पॉलिश जाईल का हो?"

दुपारी जालन्याहून तिचे अब्बा आले,
नखांत काळं, खिशात टेस्टर.
पाटी वाचली की नाही कुणास ठाऊक,
ठुशी उचलली
आणि सरळ उलटी केली.

मी पुढं झाले. सरांनी थांबवलं.
मागच्या सांध्यांवरून
त्यांचा अंगठा हळू फिरत गेला.
"साडेसातची मोटार, ना?"
"हो. गोलापांगरीवाल्यांची."
"एक डाग कच्चा आहे."
"माहितेय, अब्बा."

मग पाण्याच्या निमित्तानं
ती बाहेर गेली, बराच वेळ.

आमच्या गावाकडं दागिन्यालाही डागच म्हणतात.

संध्याकाळी हॉल झाडताना
मी ती ठुशी उलटी धरली उजेडात.
कच्चा कुठला ते डोळ्यांना दिसलं नाही,
अंगठ्यालाही नाही,
अजून.