म्हणे

बर्नली, वॉर्ड बी-सोळा, रात्रीचे पावणेतीन.
औषधांच्या ट्रॉलीवर कागद पसरून
बर्नाडेट विचारते :
दर दोन तासांनी कूस बदलायची, हे ठरवलं कोणी?
असंच करतात, मी म्हणते.
‘असंच’ला संदर्भ लागतो, ती म्हणते.

आमच्याकडे एक शब्द आहे, तिला सांगता आला नाही.
म्हणे.
हळदीनं जखम भरते म्हणे.
अमक्या डॉक्टरचा हात हलका आहे म्हणे.
बोलणारा नामानिराळा.
संशोधनपद्धतीचं माझं अख्खं वर्ष
या दोन अक्षरांशी भांडण्यात गेलं.

मिरजेला मी आठ वर्षं म्हणेवरच काढली.
रणभिसे सिस्टर सकाळी सातला आमचे हात तपासायच्या,
आधी नखं, मग तळवे.
स्पिरिट, वर पावडर, आणि माकडहाडावर गोल गोल चोळायचं.
लाल झालं तर अजून थोडं.
“रक्त धावलं पाहिजे, पोरी.”
किती पाठी? मोजल्या नाहीत.
मोजायचं असतं, हेच कुठं माहीत होतं.

आता वाचते : लाल झालेल्या जागी चोळू नये.
आतलं मांस आधीच गुदमरलेलं असतं.
साधं वाक्य, कर्ता नसलेलं.
मी उठून बेसिनपाशी गेले
आणि हात धुतले, उगाच.

नमुना कसा निवडावा, या धड्याला मात्र
घरच्यासारखं वाटलं.
शितावरून भाताची परीक्षा.
पण भात एका पातेल्यातला, एका आचेवरचा.
इथे सहा नंबरच्या बाईंना मधुमेह,
नऊ नंबरला भेटायला कोणी येत नाही,
खिडकीजवळचे आजोबा रात्री स्वतःच वळतात
आणि सकाळी साफ नाकबूल करतात.
कुठलं शीत उचलू?
आधी ढवळू कशी?

ढवळायला लिफाफे आहेत.
बंद, उजेडाला धरले तरी न दिसणारे.
क्लिफर्ड एन्टविसल, वय एक्याऐंशी,
तरुणपण मागावर गेलं, कान तिथेच राहिले.
ओठ वाचतात.
त्यांना सांगितलं, दोन गाद्या आहेत, एक नवी, एक नेहमीची,
तुमची कुठली ते लिफाफा ठरवेल.
“चांगली कुठली?”
मी मास्क खाली ओढला, ओठ दिसावेत म्हणून.
माहीत नाही.
ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
“या इमारतीत हे मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं.”
आणि सही केली.

नेहमीची निघाली.
त्या रात्री स्टोअरमध्ये एक नवी रिकामी पडून होती.
मी दाराशी उभी.
माझ्या हाताला वाटत होतं, आपल्याला कळतं.
हाताला नेहमीच वाटतं.
दिवा घालवून परत आले.

डावी टाच. शेजारी कागदी पट्टी. फोटो.
एकवीस मिलिमीटर. अठरा. अठरा. चौदा.
मग मुलगी त्यांना मॉर्कमला घेऊन गेली, समुद्राजवळ.
फोन लागत नाही. पत्राला उत्तर नाही.
सत्तेचाळिसाव्या ओळीतला शेवटचा चौकोन कोरा.
कोराच ठेव, बर्नाडेट म्हणते.
माझं पेन तिथे टेकलेलं असतं.
भरली म्हणे, एवढंच तर लिहायचंय.

रविवारी मिरजेला फोन.
सिस्टर आता अंथरुणावर, भाची बघते.
“तिकडं पाठ चोळत नाहीत म्हणे?”
नाही चोळत.
पलीकडे पंख्याची घरघर.
“मग करतात तरी काय?”
बघतात, सिस्टर. मोजतात. लिहून ठेवतात.
“आणि?”
आणि कूस बदलतात.
“दर किती तासांनी?”

फोन जरा रूथकडे द्या, मी म्हटलं.
रूथ, टाचा बघ त्यांच्या. आत्ता.
लाल असतील तर चोळू नकोस.