चिखलाचं काम

अँट्रिमच्या जुन्या खाणीत, पहाटे पाचला,
मी रयतेला चिखल लावते.
बादलीतला, चाळलेला, कोमट.
गुडघ्यापर्यंत, नखांत, थोडा दातांवरसुद्धा.
सरदाराला मात्र गालावर एकच बोट,
शौर्य दिसेल इतपत.

मॅलकी मकॉली आज तिसऱ्यांदा मेला
कुठल्याशा घराण्याच्या अब्रूसाठी.
घराण्याचं नाव त्याला धड उच्चारता येत नाही.
संवाद एकच होता, "महाराज!"
तोही कापला.

"गुडघा टेकताना चेहऱ्यावर निष्ठा हवी,"
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतो.
मॅलकीच्या गुडघ्यात वात आहे.
कॅमेऱ्याला तेवढं पुरतं.

जेवायला दोन तंबू.
मुकुटवाल्यांच्या तंबूत शेगडी.
आमच्याकडे सूप,
आणि सुपापर्यंतची रांग.

संध्याकाळी मान पुसताना तो म्हणाला,
हा डोंगर खरंच एका लॉर्डचा.
आमचा पणजा ओटची पोती वाहायचा, खंड म्हणून.
आता शूटिंगचं भाडं
त्यांच्याच नातवाकडे जातं.

मी फडकं पिळलं.
कानामागचा डाग काही निघेना.
"तो राहू दे," मॅलकी म्हणाला,
"तो तुझ्या बादलीतला नाही.
सकाळी मेंढ्या सोडून आलोय."