कसर

पावसाचे चार महिने सरले की
मी वाचनालयाच्या गच्चीवर पुस्तकं वाळत घालते.
शेजारच्या खळ्यात फुलावती तारी बांगडे पसरते.
कावळ्याचं भय दोघींना सारखंच,
तिचे तो नेतो,
माझी नुसती उघडून बघतो.

"तू मीठ नाय लावणस?" तिनं एकदा विचारलं.
म्हटलं, हवाच लावते इथली. फुकट.

तारामुंबरीचं वाचनालय.
दाखल नोंद नऊ हजार चारशे सहा,
कपाटात किती ते विचारू नका.
काही मुंबईला गेली मे महिन्यातल्या पोरांच्या पिशव्यांतून,
काही लग्न होऊन खाडीपलीकडे,
एक ट्रॉलरवर गेलं आणि परत आलं,
पान त्रेसष्टला तांबोशीचं खवलं, अजून निघत नाही.
पावतीपुस्तकं वर्षाला तीन लागायची.
टॉवर आल्यापासून एकच
तीन वर्षं पुरतंय.

पुस्तकाचा वास काही औरच, असं येऊन सांगणारे
पुस्तक कधी नेत नाहीत.
तो वास बुरशीचा असतो.
मी संध्याकाळी लिंबाच्या फोडीनं हात चोळते.

सातू सारंग, वय ऐंशी, मोतीबिंदू दोनदा काढलेला.
अकरा वर्षं त्यांचं कार्ड कोरं होतं.
आता नातवाच्या टॅबवर
कोकमाएवढं अक्षर करून वाचतात,
पडद्यावर चार शब्द मावतात, पण वाचतात.
त्या काचेला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

तरी विचारलं, आमचं काय होणार हो?
म्हणाले, "शीड गेला, इंजिन इला.
पण वल्हा नाय अशी होडी दाखव माका."
मी म्हटलं, वल्हं आहे, पण तुमच्या नातवाला
वल्हवता येतं?
ते बराच वेळ जेटीकडे बघत राहिले.
"पेवूक येता तेका," म्हणाले.

एप्रिलमध्ये ओरोसहून एजाज मुकादम आला,
कॅमेऱ्याचा स्टँड आणि काळं कापड घेऊन.
सर्वांत जुनी दोनशे पुस्तकं, आठ दिवस.
पान उलटताना श्वास धरायचा, जसं
झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालचा हात काढून घ्यावा.
आत सापडलं ते बाजूला ठेवायचा:
एसटीचं तिकीट, सुरंगीचा चपटा वळेसर,
बर्फ आणि सुताच्या उधारीचा कागद,
त्यावर कुणीतरी रागानं मारलेली फुली.
"याचे फोटो काढू?"
काढ म्हटलं. मग त्याच्या फॉर्ममध्ये
त्यासाठी रकाना नव्हता.

जाताना म्हणाला, काकी, कसर कुठे ठेवली नाही.

कसर होतीच.
एका कादंबरीत, मुखपृष्ठ गेलेल्या,
ती चाळीसाव्या पानाला शिरली होती आणि
एकशे अठराव्यापर्यंत आरपार.
फोटोत प्रत्येक पानावर
काळ्या कापडाचा तेवढाच ठिपका.
पान एकाहत्तर: 'होडी परत आली नाही.'
त्यातलं 'नाही' तिनं खाल्लं.

म्हणजे आता अमेरिकेत बसून कुणी उघडलं तरी
होडी परत आलेली आहे.
कायमची. ते भोक आता वाढायचं नाही.

कपाटातलं वाढतंय.
काल गच्चीवर बघितलं,
'आली'ची वेलांटी गेलीय.
डांबराच्या गोळ्या आणायला हव्यात, आणल्या नाहीत.
या पुस्तकावर शेवटची तारीख एकोणीसशे त्र्याण्णवची,
त्यानंतर एवढं मन लावून
दुसरं कोण बसलं होतं त्याच्याजवळ?

पान उन्हाकडे धरलं.
भोकातून समुद्राचा वाटाण्याएवढा तुकडा दिसला,
त्यात एक बोट.
जातेय की येतेय, ते बघायला
मी डोळा आणखी जवळ नेला, तेवढ्यात
फुलावती खालून ओरडली,
"गो, कावळो!"