फ्री क्लोरीन

परिपत्रक अरबीत, खाली इंग्रजीत,
शिक्का दोन्हींना मिळून एकच, निळा:
बलदियाच्या सर्व कर्मचाऱ्यांना
सोहारच्या क्रीडा-केंद्रात प्रवेश फ्री, तरणतलावासकट.
टँकरवाल्या परकारनं ते तीनदा मोठ्यानं वाचलं.
तिसऱ्यांदा नुसतं 'तरणतलावासकट' एवढंच.

एकोणीस वर्षं मी या तलावाकाठी उकिडवा बसलोय.
बाटली उलटी बुडवायची,
कोपर भिजलं की सुलटी करायची,
मग काचेच्या नळीत एक गोळी.
जितकं पाणी गुलाबी तितका क्लोरीन,
आणि फॉर्मात त्या रकान्याचं नावच आहे, फ्री.
एकोणीस वर्षांत माझी फक्त बाही ओली झाली.

पोहता येतं मला. गावच्या विहिरीत
पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून
आतेभावानं ढकललं होतं, न विचारता.

तीन रियालची चड्डी, गुडघ्याखाली येणारी. रबरी टोपी.
आरशात मी सोललेली आठळी.

पहिल्या गुरुवारी सगळे आले:
बागेचे, गटाराचे, कुत्री पकडणारे,
आणि परवाना खात्यातला सुलेमान, त्यानं उडीच अशी मारली
की जीवरक्षकाची शिट्टी भिजून वाजेना.
परकार उथळ बाजूला छातीभर पाण्यात
नुसता उभा, कठडा धरून,
टँकर रिकामा करून परतताना असतो तसा हलका.
मी पाठीवर पडलो. कानांत पाणी शिरलं.
मगरिबची बांग त्या दिवशी खालून आली.

रुहुल बाहेर पायरीवर, नमुन्यांची पेटी मांडीवर घेऊन.
कपडे आमच्याच रंगाचे, खिशावर नाव कंपनीचं.
परिपत्रकात कंपनी नव्हती.
मी म्हणालो, विचारून बघतो.
विचारलं नाही.
नंतरही नाही, खोटं कशाला सांगू.

अकराव्या दिवशी नमुन्याची पाळी आली.
गोळी टाकली, नळी हलवली. पाणी जसंच्या तसं.
दुसरी बाटली. तेच.
मग त्याच नळीत दुसऱ्या जातीची गोळी टाकली
तेव्हा कुठे गुलाबी चढलं, गडद, लाजल्यासारखं.
म्हणजे क्लोरीन होता, फ्री नव्हता.
बांधला गेला होता
आमच्या घामाशी, डोक्याच्या तेलाशी,
बागवाल्यांच्या नखांतल्या खताशी.
नाकाला झोंबतो तो हाच.
लोक म्हणतात, वा, काय स्वच्छ वास.

फॉर्म भरला. कारण: भार जास्त.
सही माझी. दारावर कागद मीच लावला.
चिकटपट्टी परकारनं दातांनी तोडून दिली
आणि परतीच्या वाटेवर गाडीत रेडिओ लावला नाही.
रात्री बायको फोनवर हसली,
'फुकटचं तुम्हांला कधी लाभलंय?
आणि केस धुतले का नीट?'

शनिवारी तलाव रिकामा केला.
तळ घासायला माणूस कंपनीनं द्यायचा.
रुहुल शिडीनं उतरला, चपला वर ठेवून.
खोल बाजूला भिंतीवर आकडा आहे, दोन पूर्णांक चार,
त्याच्या डोक्याच्या हातभर वर.
त्यानं तो मान मागे टाकून बघितला,
मग स्वतःलाच हाक मारली, एकदाच.
तलावानं दोनदा ओ दिली.

अर्धा तळ घासून झाल्यावर
ब्रश बाजूला ठेवून तो ओल्या फरशीवर उताणा पडला,
हात पसरले, आणि पाय मारू लागला
सावकाश,
त्याच्या नोआखालीच्या तळ्यात
मारत असेल तसे.

मी काठावर उकिडवा. हातात बाटली,
सवयीनं आणलेली.

मुकादमानं फाटकातून विचारलं, पाणी सोडू का?
म्हटलं, थांब.
अजून घासणं चाललंय.